पडद्यावरची सावली की ठसा? लॅपटॉपची स्क्रीन बदलण्याआधी एवढे पाहा



गणेशोत्सवात आपल्या मंडळाचा लॅपटॉप मंडपात लावलेला होता. पडद्यावर दिवसभर देणगीदारांची एकच यादी. विसर्जनानंतर हिशेब करायला तो उघडला, तर हिशेबाच्या पानामागे त्या यादीच्या ओळी पुसट दिसत होत्या. दुकानात दाखवल्यावर ‘स्क्रीन बदलावी लागेल’ असे सांगण्यात आले. वर्गणीच्या पैशातून एवढा खर्च करायचा म्हणून आम्ही जरा थांबलो. लॅपटॉप दोन दिवस बंद ठेवला आणि यादी नाहीशी झाली.

अशीच अडचण अनेक घरांत येते. मुलांचा अभ्यास, अर्ज भरणे, परदेशी असलेल्या मुलांशी बोलणे, सगळे त्याच एका लॅपटॉपवर. शिवाय मोठ्या दुरुस्तीसाठी बोथहून आदिलाबादला दोन खेपा होतात, एक ठेवायला आणि एक आणायला. म्हणून आम्हाला जे समजले ते इथे मांडत आहोत.

दोष एक दिसतो, कारणे वेगळी

जाणारी सावली: बहुतेक लॅपटॉपचा पडदा एलसीडी असतो. त्यातले द्रव स्फटिक विजेच्या दाबाने वळतात आणि मागचा प्रकाश कमी-जास्त सोडतात. एकच चित्र तासन्‌तास राहिले की थोडा विद्युतभार एका जागी साचतो, आणि स्फटिकांना पूर्ववत व्हायला वेळ लागतो. ही सावली बहुधा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत जाते.

राहणारा ठसा: ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो. जो भाग जास्त वेळ आणि जास्त उजळ पेटतो, तो लवकर झिजतो. त्यातही निळा रंग सर्वांत आधी थकतो. खालची पट्टी किंवा कोपऱ्यातले चिन्ह कायमचे उमटते ते यामुळे. यालाच ‘बर्न-इन’ म्हणतात. झिजलेले भरून येत नाही.

मागे ओढली जाणारी शेपटी: चित्र हलताना कडेला सावली दिसते, थांबले की जाते. पडद्यावरचे चित्र साधारणपणे सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे प्रत्येक चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद मिळतात. स्फटिक तेवढ्यात वळले नाहीत तर शेपटी उरते. थंडीत ते आणखी मंदावतात. आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे लॅपटॉप सुरू केल्यावर हे जास्त जाणवले, तर अर्धा तास चालू ठेवून पुन्हा पाहावे.

पडद्याचा दोषच नाही: काही लॅपटॉपमध्ये ‘पॅनल सेल्फ रिफ्रेश’ नावाची वीज वाचवणारी सोय असते. समोरचे चित्र बदलत नसेल, तर पडदा स्वतःजवळ साठवलेले चित्रच दाखवत राहतो. ती सोय बिघडली की जुने चित्र रेंगाळते. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ती बंद करून पाहावी.

घरीच करायच्या पाच चाचण्या

१. स्क्रीनशॉट: सावली दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि दुसऱ्या मोबाइलवर पाठवून पाहा. तिथेही सावली असेल तर पडदा निर्दोष आहे, दोष सॉफ्टवेअरचा किंवा ग्राफिक्सचा.

२. टीव्हीला जोडणे: एचडीएमआय केबलने लॅपटॉप टीव्हीला जोडा. टीव्हीवरही तेच दिसले तर पडदा बदलून उपयोग नाही.

३. विंडोज सुरू होण्याआधी: लॅपटॉप चालू करताच एफ २, डिलीट किंवा एस्केप दाबून (कंपनीप्रमाणे कळ वेगळी असते) बायोसचे पान उघडा. तिथेही सावली दिसली तर विंडोजच्या सेटिंगला दोष देता येत नाही.

४. सपाट रंग: पेंटमध्ये पूर्ण पडदाभर मध्यम करडा रंग भरा. एलसीडीवरची सावली करड्यावर चांगली दिसते. मग पांढरा, लाल, हिरवा आणि निळा रंग पाहा. ओएलईडीचा ठसा एखाद्या रंगात जास्त ठळक दिसतो.

५. अंधारी खोली: पूर्ण काळे चित्र लावून दिवे घालवा. पडदा काळाकुट्ट झाला तर तो ओएलईडी. मंद करडा उजेड राहिला तर एलसीडी.

मग काय करावे?

एलसीडी असेल तर रात्रभर बंद ठेवा, किंवा काही तास पूर्ण पांढरा पडदा वा हलता व्हिडिओ चालू ठेवा. दोन-तीन दिवसांनी करड्या रंगाची चाचणी पुन्हा करा. सावली फिकी होत असेल तर धीर धरा. तशीच असेल तरच दुरुस्तीचा विचार करा.

ओएलईडी असेल तर कंपनीने ‘पिक्सेल रिफ्रेश’ दिले आहे का ते पाहा. त्याने ठसा कमी जाणवतो, पण झीज भरून येत नाही, म्हणून ते वारंवार करू नये. वॉरंटीचा कागदही वाचा, कारण काही कंपन्या बर्न-इन वॉरंटीत धरत नाहीत.

सभागृहातल्या प्रोजेक्टरवर अक्षरांच्या उजव्या बाजूला दुहेरी सावली पडत असेल, तर आधी जुनी लांब व्हीजीए केबल बदलून पाहा.

पुढची काळजी

पाच मिनिटांनी पडदा आपोआप बंद होईल असे ठेवा. जुन्या काचेच्या मॉनिटरसाठी निघालेल्या स्क्रीनसेव्हरपेक्षा हा उपाय चांगला. ओएलईडीवर उजेड बेताचा ठेवा, खालची पट्टी लपवा, गडद रंगसंगती निवडा. उष्णतेनेही हे पडदे लवकर झिजतात, म्हणून मे महिन्याच्या उन्हात लॅपटॉप खिडकीपाशी किंवा गाडीत ठेवू नका.

मंडळापुरते आम्ही ठरवले आहे की पुढच्या गणपतीत देणगीदारांची यादी एका जागी थांबणार नाही, पाने बदलत राहतील. नावे सर्वांना दिसतील आणि पडद्यावर उमटणारही नाहीत.