मनाचा भार आणि योगाभ्यास



लागणीचा हंगाम, खताची मात्रा, ठिबक, खोडव्याची निगा यांवर या पत्रातून आम्ही नेहमी लिहीत असतो. या अंकात विषय थोडा निराळा घेतला आहे, पण तो आपल्या घरादाराच्या बाहेरचा नाही. बैल वैरण खाईनासा झाला तर आपण त्याच दिवशी डॉक्टरला बोलावतो. ऊस पिवळा पडला तर पान घेऊन शेतकी ऑफिसात येतो. पण घरातला कर्ता माणूस महिना महिना नीट झोपत नाही, भरल्या ताटावरून उठतो, विचारलं तर अंगावर येतो, तेव्हा मात्र "डोक्याला काळजी आहे त्याच्या" एवढं म्हणून सगळे गप्प बसतात. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण आपल्या सर्वांना पाठ आहे. त्यावर काय करावं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्यावरचा एक उपाय म्हणजे योगाभ्यास. तो कसा काम करतो आणि त्याची हद्द कुठे संपते, हे आज समजून घेऊ.

आपल्या लातूर-नांदेड भागाने मनावरचे घाव कमी सोसलेले नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या आत किल्लारी-सास्तूरचा परिसर भूकंपाने जमीनदोस्त झाला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं झोपेतच गेली. पुढे पुनर्वसन झालं, नवी गावं वसली, पक्की घरं उभी राहिली. पण घर पडलं तर बांधता येतं. भरल्या घरातून एकटं वाचलेल्या माणसाच्या आत जे पडलं, ते सिमेंटने उभं राहत नाही. त्यानंतरही दुष्काळ येतच राहिले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशाने पाहिलं. नापिकी, कर्ज, मुलीचं लग्न, दवाखान्याचा खर्च, आणि यातून काही शेतकऱ्यांनी स्वतःलाच संपवून घेतलं. अशी घरं आपल्या गटा-गटांत आहेत, म्हणून हा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

योग म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती अंगाची वळकटी करून बसलेली मूर्ती. प्रत्यक्षात योगाचा मूळ ग्रंथ म्हणजे पतंजलींची योगसूत्रं. त्यांत आसनाबद्दल फार थोडं आहे, आणि मनाबद्दल पुष्कळ. चित्त विस्कटलं म्हणजे त्याच्याबरोबर काय काय येतं, हे पतंजलींनी एका सूत्रात सांगितलं आहे: दुःख, उदासपणा, अंगाचा थरकाप आणि श्वासाची बिघडलेली चाल. म्हणजे मनाचा आजार अंगात आणि श्वासात उतरतो, हे त्या जुन्या काळीच ओळखलं होतं. आणि श्वास बिघडून जर मनाची अवस्था कळते, तर श्वास सुधारून मन सावरता येईल का, हा पुढचा साधा प्रश्न. योगाभ्यासाची सगळी उभारणी त्यावरच आहे.

आता हे शरीरात घडतं कसं ते पाहू. भीती वाटली की छाती धडधडते, श्वास उथळ आणि भराभर होतो, हातपाय गार पडतात. साप दिसल्यावर पळायला ही तयारी उपयोगाची आहे. पण बँकेची नोटीस काही साप नव्हे. ती दिवसभर डोक्यात राहते, आणि शरीर रात्रंदिवस पळण्याच्या तयारीत राहून झिजतं. हृदयाचे ठोके, पचन, घाम ही कामं आपल्या हुकमाने चालत नाहीत. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपल्याला चालवताही येतो. हीच ती एक दोरी आपल्या हातात आहे. श्वास सावकाश सोडला की मेंदूपासून छाती-पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा जोर वाढतो, ठोके मंदावतात, आणि अंगाला निरोप जातो की आता धोका नाही. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. ते सहाच्या आसपास आणले की हा परिणाम चांगला मिळतो.

याची परीक्षा शास्त्रीय पद्धतीने घ्यावी, हा विचार महाराष्ट्रातच रुजला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि क्ष-किरण व इतर यंत्रं लावून आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो ते तपासायला सुरुवात केली. आपल्यासारख्या आपत्ती सोसलेल्या लोकांवरचे प्रयोग अलीकडचे आहेत. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीतून वाचलेल्या अंदमानातल्या ४७ जणांना आठवडाभर योगाभ्यास दिला, तेव्हा त्यांची भीती, चिंता, दुःख आणि झोपमोड कमी झाली. २००८ च्या बिहारमधल्या पुरानंतर २२ जणांचे दोन गट केले. योग करणाऱ्या गटाचं दुःख आठवड्यात कमी झालं. न करणाऱ्या गटाची चिंता उलट वाढली. माणसं थोडी होती, दिवसही थोडे, म्हणून एवढ्यावरून मोठा डंका पिटू नये. पण दिशा कळते.

आपल्या वारकरी घरांना ही गोष्ट परकी नाही. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात बसावं कुठे, आसन कसं असावं, पाठ कशी ठेवावी, हे सगळं मराठीत आलं आहे. आणि रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणताना तरी आपण काय करतो? एका दमात चरण म्हणतो, म्हणजे श्वास लांबवून सोडतो. इटलीतल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ख्रिस्ती जपमाळ म्हणणाऱ्यांचा आणि मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास सारखाच, मिनिटाला सहाच्या जवळ आलेला दिसला. तेव्हा कुणी अभंग म्हणावा, कुणी नांदेडच्या गुरुद्वारात नामस्मरण करावं, कुणी तसबीह ओढावी. मन निवण्याची वाट एकच आहे. अध्यात्म अध्यात्म म्हणतात त्याची पहिली पायरी हीच, की दुःख आपल्यात आहे पण आपण म्हणजे नुसतं दुःख नव्हे, हे घटकाभर का होईना अनुभवाला यावं.

कारखान्यात उसाचा रस गाळपानंतर गढूळ असतो. चुना, उष्णता देऊन तो टाकीत संथ ठेवतात, तेव्हा गाळ खाली बसतो आणि वर स्वच्छ रस राहतो. रस सतत ढवळत ठेवला तर कितीही चुना घाला, तो निवळणार नाही. मनाचंही तसंच आहे.

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कशाला पाहिजे योग?" असं सभासद म्हणतात. प्रश्न बरोबर आहे. पण खुरपताना हात खुरप्यावर असतो आणि मन सोसायटीच्या हप्त्यावर. त्या मेहनतीने अंग दमतं, चिंता दमत नाही. योगात अंगाबरोबर ध्यानही श्वासावर आणायचं असतं. फरक तो एवढाच.

करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. वेळ पहाटेची उत्तम. पोट रिकामं असावं, जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. अंगणात, ओसरीवर सतरंजी टाकली तरी पुरे. आधी ताडासन, मार्जारासन, भुजंगासन अशी सोपी आसनं पाच-सात मिनिटं करावीत, कुठेही हिसका देऊ नये. मग ताठ बसून चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सोडावा. दहा सेकंदांचा एक श्वास, म्हणजे मिनिटाला सहा. हे पाच मिनिटं. मग पाच-सात वेळा भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा आवाज काढत श्वास सोडणं. शेवटी दहा मिनिटं शवासन. घरच्या बायांना पहाटे चुलीपुढून हलता येत नाही, हे आम्ही जाणतो. त्यांनी रात्री अंथरुणावर पडल्यावर नुसता मोजून श्वास केला तरी चालेल. आणि पुरुषमंडळींनी सकाळी पाणी-सरपण आपल्याकडे घेऊन त्यांना अर्धा तास मोकळा करून दिला, तर तोही योगाभ्यासच समजावा.

काही पथ्यं मात्र पाळलीच पाहिजेत. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी श्वास कोंडू नये, कपालभाती करू नये. डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. ज्याने मोठा आघात सोसला आहे, त्याला डोळे मिटून पडल्यावर तेच प्रसंग पुन्हा दिसू लागतात. त्याने डोळे उघडे ठेवावेत, पाय जमिनीला टेकवून बसावं आणि शेजारी कुणीतरी असावं. मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर त्या योग सुरू केला म्हणून बंद करू नयेत.

आणि सर्वांत महत्त्वाचं. योगाने कर्ज फिटत नाही, उसाचं बिल लवकर येत नाही, पाऊस पडत नाही. भाव, कर्ज, पाणी हे प्रश्न सभेत मांडून, भांडूनच सोडवायचे आहेत. ते सोडवायला माणूस जागेवर राहावा, त्याचं डोकं शांत राहावं, एवढ्यासाठी योग. माणूस जगण्याची भाषा सोडून भलतंच बोलू लागला, विहिरीकडे, औषधाच्या डब्याकडे वळू लागला, तर त्याला आसनं शिकवत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं कुलपात टाका आणि दवाखान्यात न्या. लातूर आणि नांदेड दोन्ही ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, पैसे न लागता, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवावा.

२१ जून २०१९ ला नांदेडला राज्याचा योगदिन मोठ्या गर्दीत साजरा झाला. तसा दिवस वर्षातून एकदा येतो. मनाचा भार रोज येतो. म्हणून आमची सूचना अशी, की गळीत हंगाम आटोपला की प्रत्येक गावात देवळाच्या सभामंडपात किंवा समाजमंदिरात पाच-दहा जणांनी रोज पहाटे एकत्र बसावं. एकट्याचा नेम मोडतो, दहा जणांचा टिकतो. शिवाय रोज येणारा माणूस दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या दारात जाऊन "का रे, बरा आहेस ना?" असं विचारेल. आसन-प्राणायाम एक वेळ कमी-जास्त झाला तरी चालेल, ही विचारपूस मात्र चुकवू नका.