आधी वाटाड्या, मग धबधबा

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी नाक्याला पूर्वेकडे वळून कासा गाठलं की रस्त्याला दोन दिशा मिळतात. एक वाट जव्हारच्या पठाराकडे चढत जाते, दुसरी सायवन-उधव्याच्या अंगाने तलासरीकडे आणि दादरा-नगर हवेलीच्या सीमेकडे निघते. या दोन वाटांच्या आसपास जो मुलूख पसरला आहे, तो महाराष्ट्राच्या नकाशावर अजूनही अर्धा कोराच म्हणायला हवा. कासा-सायवन पट्ट्यावर नजर ठेवून उभा असलेला गंभीरगड, विवळवेढ्याचा महालक्ष्मीचा सुळका, सूर्या आणि पिंजाळ नद्यांची खोरी, वर जव्हारच्या बाजूला लेंडी नदीचं पाणी सुमारे तीनशे फूट खाली टाकणारा दाभोसा, खोल घळीत दडलेला काळमांडवी, पसरट कातळावरून उतरणारा हिरडपाडा. अलीकडे पावसाळ्यात इथे गाड्यांच्या रांगा लागतात. येणाऱ्यांच्या हातात मोबाइलवरचा नकाशा असतो, तो धबधब्याच्या काठापर्यंत नेतो आणि तिथे प्रवास संपतो. माझं म्हणणं असं, की या मुलखात वाटाड्याशिवाय केलेला प्रवास हा प्रवासच नव्हे. वाटाड्या ही इथे केवळ सोय नाही. इथे पाहण्यासारखं जे आहे त्याचा मोठा भाग त्याच्याच जवळ आहे, आणि म्हणून या दऱ्यांमध्ये पर्यटन वाढवायचं असेल तर पहिला रुपया रिसॉर्टवर नव्हे, त्याच्यावर खर्च व्हायला हवा.

आधी जमिनीकडे पाहू. हा सगळा काळा पाषाण दख्खनच्या लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. एकावर एक ओतले गेलेले थर सगळे सारखे कठीण नव्हते. पाण्याने मऊ थर आधी पोखरला, वरचा कठीण थर पुढे छज्ज्यासारखा राहिला आणि आधार सुटल्यावर उभ्या भेगांवरून तुटून पडला. धबधबे असे मागे मागे सरकत जातात आणि पुढे घळ सोडत जातात. सह्याद्रीच्या मुख्य धारेवरचं पाणी एकदम कोकणात कोसळतं, पण जव्हारचं पठार साडेचारशे मीटरच्या आसपासच उंच आणि पायरीपायरीने समुद्राकडे उतरणारं. त्यामुळे इथे एक प्रचंड कडा नाही, शेकडो लहानमोठ्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला ओहोळ, डोह आणि रांजणखळगे. पाण्याखाली गेलेला रांजणखळगा वरून दिसत नाही. घोट्याएवढं पाणी वाटतं तिथे पाऊल टाकलं की पुरुषभर खोली लागते. हे भूगोलाच्या पुस्तकात सापडेल, पण कोणत्या ओहोळात तो खळगा नेमका कुठे आहे हे त्या पाड्यावर लहानपणी गुरं वळलेल्या माणसालाच ठाऊक असतं.

आता ज्या विषयावर कितीही लिहिलं तरी पुरेसं वाटत नाही, त्या रानातल्या स्वयंपाकाकडे वळतो. वारली, कोकणा, कातकरी घरांचं रानाविषयीचं ज्ञान सर्वांत नेमकं दिसतं ते चुलीपाशी. पहिल्या सरींच्या आगेमागे जमिनीतून शेवळं वर येतात. पान नंतर येतं, आधी नुसता फुलाचा कोंब. तो तसाच शिजवला तर घसा खाजून जीव नकोसा होतो. म्हणून आतला खाजरा भाग काढून टाकायचा आणि बाकीचं काकडांबरोबर शिजवायचं. काकडाचं झाड त्याच रानात आणि त्याची आंबट फळं नेमकी त्याच दिवसांत. खाज आणि तिचा उतारा एकाच टेकडीवर, एकाच पंधरवड्यात मिळतात. कडूकांद्याचं तर आणखी विलक्षण. हा कंद कडूजहर. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या आणि मग टोपलीत भरून वाहत्या ओहोळात रात्रभर ठेवायच्या. कडवटपणा पाणी घेऊन जातं आणि पिठूळ गर उरतो. साचलेल्या पाण्यात हे नीट होत नाही, प्रवाह लागतो. शहरातून येणाऱ्याला जो ओहोळ फोटोची जागा वाटतो, तो पाड्यातल्या बाईच्या लेखी भांड्यांइतकंच स्वयंपाकाचं साधन आहे. नागली-वरईचा साठा संपल्यावर श्रावण-भाद्रपदाच्या टंचाईत कित्येक घरं या कंदांवर आणि टाकळा, कुर्डू, कोळी, लोत या भाज्यांवर तगलेली आहेत. आता सांगा, ही माहिती धबधब्याशेजारच्या कोणत्या फलकावर मावेल? आणि ती कळल्यावर त्याच पाण्यात शाम्पूने आंघोळ करायला कुणाचा हात धजेल?

कारवीचंही असंच. उतारावर माजणारं हे झुडूप सात-आठ वर्षांतून एकदा सामूहिकपणे फुलतं आणि मरतं. त्याच्या सरळ काठ्या उभ्या बांधून, त्यावर शेणमातीचा लेप देऊन कुडाची भिंत होते. भिंतीवर गेरू, गेरूवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, रेघ ओढायला बांबूची ठेचलेली काडी. लग्नाच्या वेळी सवाष्णी त्या भिंतीवर चौक लिहीत आणि लग्न लावणारी धवळेरी गात असे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी सत्तरच्या दशकात ती रेघ भिंतीवरून कागदावर आणली, चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी ती बाहेरच्या जगाला दाखवली, २०११ साली म्हशे यांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन लाभलं. म्हशे २०१८ मध्ये गेले. आज वारली आकृत्या पडद्यांवर, कपबशांवर, विमानतळांच्या भिंतींवर सर्वत्र आहेत. पण त्रिकोणी माणसांच्या त्या फेऱ्यात मधोमध तारपा वाजवणारा कोण, चौकात बसलेली पालघट देवी कोण, हे सांगणारा त्या कपबशीबरोबर जात नाही. चित्र जगभर गेलं, सांगणारा घरीच राहिला. दऱ्या-धबधब्यांच्या बाबतीत हेच होऊ घातलं आहे, आणि इथे अजून वेळ हातात आहे.

दिवाळीच्या तोंडावर हे लिहिताना वाघबारस आठवणं साहजिक आहे. आश्विन वद्य द्वादशीला आपल्याकडे गाय-वासराची पूजा होते, आणि त्याच दिवशी या डोंगरपट्ट्यात वाघदेवाला नैवेद्य दाखवला जातो. गुराख्याने गुरांसाठी वाघाशी केलेला तो करार आहे. लाकडी खांबावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, शेंदराचा थर, रानाच्या कडेला उघड्यावर ठाण. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली गेली. या भागात आता पट्टेरी वाघ नाही, बिबट्या आहे, आणि वाघोबाचा मान बिबट्यालाही मिळतो. त्या अभ्यासाने हेही नोंदवलं, की बिबट्याचा त्रास झाला तरी या श्रद्धेमुळे लोक त्याला आपल्या परिसराचा भागच मानतात. वन्यजीवांबरोबर राहण्याची रीत ज्यांनी देवळाएवढी जुनी करून ठेवली, त्यांना निसर्ग कसा जपावा हे बाहेरच्यांनी शिकवण्यापेक्षा त्यांच्याकडून ते ऐकावं, हे जास्त शहाणपणाचं.

इतिहासाचा भाग थोडक्यात सांगतो. वरचा प्रदेश मुकणे घराण्याच्या जव्हार संस्थानात होता, १९४८ मध्ये तो ठाणे जिल्ह्यात आला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. पण एक गोष्ट घाईत ओलांडता येत नाही. तलासरी तालुक्यातल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नगडी (लग्नाच्या कर्जापायी जमीनदाराकडे बांधील गडी होऊन राबणं) या पद्धतींविरुद्ध उभे राहिले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सगळा काळ आहे. जमीनदाराचं, ठेकेदाराचं, अंमलदाराचं ओझं फुकट वाहणं म्हणजे वेठ. ज्यांच्या आज्या-आजोबांनी ती मोडली, त्यांच्या नातवंडांना रिसॉर्टवाल्याची सामानाची बॅग उचलणारा पोरगा म्हणून नेमणं हा त्या लढ्याचा अपमान ठरेल. वाटाड्या पुढे चालतो आणि पाहुणा त्याच्या मागे. ही क्रमवारी दिसते तेवढी साधी नाही, सगळं तिच्यावर अवलंबून आहे. महालक्ष्मीच्या यात्रेत ती आजही पाळली जाते. चैत्र पौर्णिमेच्या मध्यरात्री सुळक्यावर ध्वज लावायला वाघाडी गावचा आदिवासी पुजारीच चढतो. खाली जमलेल्या हजारो भाविकांत गुजरातपासून मुंबईपर्यंतचे लोक असतात, त्यांना यात काही कमीपणा वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा येतो. या जागा धोक्याच्या आहेत, अप्रशिक्षित गावकऱ्यावर विसंबून कसं चालेल? धोका खराच आहे. जुलै २०२० मध्ये काळमांडवीच्या डोहात पाच तरुण बुडून गेले. अशा दुर्घटनांनंतर प्रशासन पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी घालतं, आणि तातडीचा उपाय म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण बंदी पाळली जाते ती पोलीस उभा असेल तेवढा वेळ, आणि या मुलखात घळी शेकडो आहेत. रांजणखळग्याची जागा आणि वर पाऊस झाला की पाणी किती वेळात चढतं याचा अंदाज ज्याला आहे, तो बरोबर असणं हाच टिकाऊ उपाय. दोर वापरणं, प्रथमोपचार, बुडणाऱ्याला बाहेर काढणं हे प्रशिक्षण त्याला द्यायलाच हवं आणि ते काही आठवड्यांत देता येतं. उलट बाहेरच्या प्रशिक्षित माणसाला त्या ओहोळाची ओळख काही आठवड्यांत करून देता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पैसा आला की संस्कृतीचा तमाशा होतो, पाहुण्यांसाठी दुपारी तारपा वाजू लागतो, वाघोबाचं ठाण सेल्फीची जागा होतं. ही भीती मी झटकून टाकत नाही. पण तमाशा होतो तो काय दाखवायचं आणि काय नाही हे ठरवणारा तिसराच असतो तेव्हा. ऑस्ट्रेलियातल्या उलुरूचं उदाहरण पाहा. तो खडक १९८५ मध्ये अनांगू लोकांना परत मिळाला, त्यांच्यासाठी तो पवित्र, तरी त्यावर चढणं चालूच राहिलं. शेवटी त्यांच्या म्हणण्याला मान देऊन २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. त्याच देशाच्या उत्तरेला कॅथरीन नदीने वालुकाश्मात कोरलेल्या तेरा घळी आहेत. ते निटमिलुक राष्ट्रीय उद्यान १९८९ साली जावोइन लोकांच्या मालकीचं झालं, त्यांनी ते ९९ वर्षांच्या कराराने सरकारला उद्यान म्हणून वापरायला दिलं, तिथल्या नौका आणि सहली जावोइनांच्या संस्थेकडे आल्या, आणि २०१३ मध्ये त्यांनी स्वतःचं निवासस्थान उभारलं. क्रम लक्षात घ्या. आधी मालकी, मग वाट दाखवण्याचं काम, आणि सर्वांत शेवटी आलिशान खोल्या. आपल्याकडे बहुधा खोल्यांपासून सुरुवात होते.

‘तिकडची गोष्ट वेगळी, इथे मालकी कुठली?’ असं कुणी म्हणेल. कायदे इथेही आहेत. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात, त्यामुळे ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे आणि राज्याचे त्याखालचे नियम २०१४ साली आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा आणि तिचं व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये तो मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू आपण विकून दाखवला. बांबूचा हिशोब ठेवणारी ग्रामसभा घळीत जाणाऱ्या माणसांचा हिशोबही ठेवू शकते. महसूल कायद्याचं कलम ३६-अ आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींच्या हाती जाण्यावर निर्बंध घालतं. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये नेमलेल्या प्राधिकरणाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्यावर वर्षानुवर्षं पहारा दिला. किनाऱ्याकडे आता वाढवण बंदराचं काम सुरू झालं आहे. त्याचा दाब डोंगराकडे सरकेल तेव्हा ग्रामसभेच्या हाती काहीतरी चालतं-बोलतं काम असणं गरजेचं आहे. मुक्कामासाठी नवं बांधकामही लागत नाही. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत आणि जव्हारजवळच्या वाळवंड्यात गावकऱ्यांच्या घरीच पाहुणे उतरतात. शेणाने सारवलेली जमीन, चुलीवरची नागलीची भाकरी, बाहेर अंधार. पहाटे निघायचं असेल तर याहून चांगली सोय कोणती?

यातून किती पैसा मिळणार, हा शेवटचा प्रश्न. वाट दाखवून गावाची गरिबी हटत नाही, हे खरं. पण या पट्ट्याचा एक ठरलेला क्रम आहे. भाताची कापणी होते, दिवाळी होते, आणि मग कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर, मासेमारीच्या बोटींवर, बांधकामांवर जगायला निघतात. मुलं शाळा सोडून आईबापांबरोबर जातात. सूर्येचं पाणी नळातून वसई-विरारकडे जातं, आणि तिच्या खोऱ्यातली माणसंही त्याच दिशेने. एका पाड्यातल्या चार-पाच घरांना हिवाळ्याचे महिने गावात राहण्याइतकं काम मिळालं, तरी त्या घरांतली मुलं वार्षिक परीक्षेला बसतील. मला हा हिशोब पुरेसा वाटतो.

म्हणून वाचकांना एवढंच सांगणं आहे. जायचं तर गणपती ते दिवाळी या दिवसांत जा. तेव्हा पाणी उतरू लागलेलं असतं, नागली-वरई उभी असते आणि घरं भरलेली असतात. वाटाड्याची दिवसाची मजुरी आधी ठरवा, त्यात घासाघीस करू नका, आणि जेवण त्याच्याच घरी सांगा. तो जिथे थांबेल तिथे थांबा. एखाद्या घळीत उतरायला तो नको म्हणाला, तर उतरू नका.