क्षणजीवी म्युऑनांची मोट

म्युऑन या मूलकणाचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे एका सेकंदाचे दहा लक्ष भाग कल्पिले तर त्यांतील दोनांहून किंचित अधिक. १९३६ साली अँडरसन व नेडरमायर यांना तो विश्वकिरणांत आढळला. इलेक्ट्रॉनाच्या सुमारे २०७ पट जड असल्यामुळे वर्तुळाकार मार्गावर फिरताना तो आपली ऊर्जा इलेक्ट्रॉनाप्रमाणे प्रकाशरूपाने उधळून टाकीत नाही. म्हणूनच म्युऑनांची टक्कर घडवून आणणारे यंत्र उभारावे, अशी शास्त्रज्ञांची आकांक्षा आहे.

अडचण आहे ती या कणांच्या जन्मातच. प्रोटॉनांचा मारा करून निर्माण केलेल्या पायॉनांपासून म्युऑन उपजतात, ते भिन्न भिन्न वेगांनी, वाटेल त्या दिशांना पांगलेले. प्रवेगकाच्या अरुंद नळीत त्यांना सोडावयाचे तर आधी त्यांची मोट बांधली पाहिजे, आणि तीही त्यांच्या अल्पायुष्यातच. या क्रियेला शीतन म्हणतात. कणझोत द्रवरूप हायड्रोजनासारख्या हलक्या पदार्थातून नेला की कणांची गती सर्वच दिशांनी घटते. हा हायड्रोजन उणे २५३ अंश तपमानाचा असतो खरा. पण म्युऑनांचे शीतन होते ते त्या गारठ्याने नव्हे, तर पदार्थातील अणूंचे आयनीभवन करण्यात त्यांची ऊर्जा खर्ची पडते म्हणून. नंतर विद्युत्क्षेत्राने त्यांना केवळ पुढच्या दिशेने रेटावयाचे. पुढची गती भरून निघते, आडवी घटलेलीच राहते. असे अनेकवार केले म्हणजे झोत आवळत जातो.

हा रेटा देणारी वस्तू म्हणजे रेडिओलहरींनी भारलेली धातूची पोकळी. इलेक्ट्रॉनांसाठी अशा पोकळीला आरपार भोक ठेवावे लागते. म्युऑन मात्र बेरिलियमचा पातळ पत्रा सहज भेदून जातो, म्हणून तिची तोंडे त्या पत्र्याने बंद करता येतात आणि मध्यरेषेवर क्षेत्र अधिक प्रबळ मिळते. येथवर सारे सोयीचे आहे. परंतु पांगणाऱ्या म्युऑनांना आवरून धरण्यासाठी पोकळीभोवती प्रबळ चुंबक लागतो, आणि जो चुंबक म्युऑनांना सांभाळतो तोच पोकळीचा घात करतो. तांब्याच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवट्यांतून इलेक्ट्रॉन निसटत असतात. एरव्ही ते विखुरले असते. चुंबकीय क्षेत्र त्यांची बारीक शलाका करून समोरच्या भिंतीवर एकाच बिंदूवर आदळवते. तेथे धातू तापतो, खड्डे पडतात, ठिणगी उडते, आणि क्षेत्र कोसळते. अतिसंवाहक पोकळीचा विचार तर करावयासच नको. इतक्या प्रबळ चुंबकीय क्षेत्रात तिची अतिसंवाहकताच टिकत नाही.

अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत सेकंदाला ८० कोटी ५० लक्ष आवर्तनांच्या पोकळ्यांवर याची कसोटी घेण्यात आली. ३ टेस्ला चुंबकीय क्षेत्रात तांब्याच्या भिंतींची पोकळी मीटरला सुमारे १३ दशलक्ष व्होल्टपर्यंतच तग धरू शकली. भिंती बेरिलियमच्या करताच हा आकडा ५० दशलक्षांच्या घरात गेला. बेरिलियम हलका; इलेक्ट्रॉन त्यात खोलवर शिरतात, उष्णता एका जागी साचत नाही. त्याची धूळ मात्र विषारी, त्यामुळे कारागिरांस फार जपावे लागते. दुसरा उपाय अधिक चतुराईचा वाटतो: पोकळीतच उच्च दाबाचा हायड्रोजन वायू भरावयाचा. तो ठिणगीला अटकाव करतो आणि म्युऑनांना मंदावण्याचे कामही करतो. मात्र झोतामुळे वायूत सुटणारे इलेक्ट्रॉन पोकळीतील ऊर्जा शोषू लागतात. त्यांना टिपून घेण्यासाठी त्यात अल्पसा ऑक्सिजन मिसळावा लागतो.

इंग्लंडमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत आयनीभवनाने म्युऑनांचे शीतन प्रत्यक्ष घडल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. त्या मांडणीत पदार्थ होता, चुंबक होते, पोकळ्या नव्हत्या. म्युऑनांनी गमावलेली गती त्यांना परत देण्याचा टप्पा त्या प्रयोगात आलाच नाही.