एक वॅटची मोकळीक

मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन वॉकी-टॉकी विकणाऱ्या कंपन्यांना नोटिसा धाडल्या. तेव्हापासून अकोल्यातला एक ओळखीचा दुकानदार अँटेनाची कुठलीच वस्तू दाखवत नाही. लोराच्या मेश रेडिओचे, म्हणजे कमी शक्तीवर छोटे निरोप एकमेकांकडून पुढे ढकलणाऱ्या रेडिओचे, गरीब बोर्डही त्यातच गेले. म्हणतो, ‘लफडं नको, भाऊ.’

ही परवान्याची भीती जुनी आहे. 1885चा तार कायदा, 1933चा बिनतारी कायदा, पोस्टात भरायचं रेडिओचं लायसन्स, हा काळ मी झटकन उरकतो. नुसतं ऐकायलाही कागद लागायचा, एवढं पुरे.

माझं दशक 2005 नंतरचं. त्या वर्षी मार्चमध्ये दिल्लीने 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला. प्रक्षेपकाला 1 वॅट, अँटेनाची वाढ धरून 4 वॅट. युरोपातले लोक शेजारच्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी 25 मिलिवॅटवर भागवतात. आजच्या मेश बोर्डांवरची नेहमीची चिपही जेमतेम 160 मिलिवॅट फेकते. म्हणजे सरकारने चक्क हात सैल सोडला होता! पण राजपत्र वाचतो कोण? अमरावतीच्या एका कॉलेजात पोरांनी संत्र्याच्या बागेतला ओलावा रेडिओने घरी कळवायचा प्रकल्प मांडला, तर विभागप्रमुख म्हणाले, ‘आधी दिल्लीचा परवाना आणा.’ मी अधिसूचना पुढे केली. त्यांनी ती चष्मा न लावताच परत दिली. पोरं पुढे पुण्याला गेली. बागेत अजून माणूसच फेरी मारतो.

2021 मध्ये पट्टा 868पर्यंत वाढला, तोवर उलटी तऱ्हा सुरू झाली होती. अमेरिकेसाठीचे 915चे बोर्ड स्वस्तात मागवायचे आणि तसेच चालू करायचे. आपल्याकडे तिथे मोबाइलची लहर आहे, बापा! सेटिंगमध्ये देश ‘भारत’ निवडायला मिनिट लागत नाही. अँटेनाही 865चीच हवी. आणि परवाना नको म्हणजे काहीच नको असं नाही, उपकरणाला मान्यता लागतेच. पण घाबरणारे आणि बेफिकीर, दोघांनीही नियम वाचलेला नाही.

मेळघाटात निवडणूक आली की नेटवर्क नसलेल्या मतदान केंद्रांसाठी अजून बिनतारी संच आणि रनर लागतात. मतदान उरकलं की संच खाली येतात. गावाच्या छोट्या निरोपांना चिखलदऱ्याच्या उंचीवर चार मेश पेट्या सोलरवर बसवून पाहता येतील, आणि शक्ती मर्यादेच्या बरीच आत राहील. हे एका साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘लायसन्स आहे का?’