धोंडा दिसतो, पाणी किती जाते?

गेल्या वर्षी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढताना बाबांच्या छातीत कळ आली. आमच्याकडचे हृदयरोगी कोणी बांबोळीला, कोणी कोल्हापूरला जातात. बाबांनाही जिल्ह्याबाहेर न्यावे लागले. सी.टी. स्कॅनमध्ये हृदयाला रक्त पुरविणारी एक रोहिणी मध्यम अरुंद झालेली दिसली. “आता बारीक तार आत घालून दाब मोजू,” डॉक्टर म्हणाले. बाबा मनातून घाबरले होते, पण वरवर म्हणाले, “वायर घालूक मी काय मोटार आसंय?” चित्रात दिसले असता पुन्हा मोजायचे कशाला, हा प्रश्न मलाही पडला. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी उत्तर शोधू लागलो.

माडाच्या बागेतला पाट आठवा. पाटात धोंडा पडला तर तो दिसतो. पण शेवटच्या माडाला पाणी पोचते की नाही, हे धोंडा पाहून कळत नाही. रोहिणीचेही तसेच. म्हणून औषधाने रक्तप्रवाह वाढवून अडथळ्याच्या पलीकडचा दाब मोजतात व त्याला अलीकडच्या दाबाने भागतात. अलीकडे १०० आणि पलीकडे ७५ असल्यास उत्तर ०.७५. ते ०.८० किंवा कमी आले, तर अडथळा खरोखर रक्त अडवितो असे मानतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेम’ अभ्यासात असे मोजून उपचार केले, तेव्हा स्टेंट कमी लागले आणि वर्षभरातील मृत्यू, झटके व फेरउपचार यांचे एकूण प्रमाणही घटले.

हाच आकडा आता तार न घालताही काढता येतो. स्कॅनच्या चित्रांवरून संगणक रोहिण्यांची त्रिमित आकृती उभारतो, हृदयाच्या स्नायूला किती रक्त लागेल याचा अंदाज घेतो आणि प्रवाही पदार्थांच्या गतीची समीकरणे सोडवून जागोजागचा दाब सांगतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली या पद्धतीला मान्यता दिली.

अर्थात, स्कॅनसाठी शिरेतून औषध टोचावे लागते, क्ष-किरणही आलेच. चित्र हलले किंवा रोहिणीत कॅल्शियम फार साचले असले, तर हिशेब चुकू शकतो. आणि झटका आलेल्याने हिशेबाची वाट पाहू नये. तडक इस्पितळ गाठावे.

बाबांना मात्र तारच घालावी लागली. पाटाची गोष्ट सांगितली, तेव्हा ते तयार झाले. उत्तर आले ०.८६. स्टेंट टळला, गोळ्या चालू आहेत. हल्ली ते दोराला हात लावत नाहीत, मासळीचे वाटे घालायला बसतात. कोणी प्रकृती विचारली, तर सांगतात, “धोंडो आसा, पण पानी जाता.”