मिररलेस घ्यायचा की खिशातला कॉम्पॅक्ट? सराफ्याच्या रात्रीपासून गेरच्या रंगापर्यंतचा हिशेब

इंदूर : सराफ्यातली सोन्याचांदीची दुकाने रात्री बंद होतात आणि त्यांच्यासमोर खाण्याच्या गाड्या लागतात. भुट्ट्याचा कीस, गरम जिलेबी, हिवाळ्यात गराडू. एका ठिकाणी दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात आणि तेवढ्यासाठी समोरचे सगळे मोबाईल वर जातात. खानदेशातून, बऱ्हाणपूर-खंडव्याकडून किंवा सेंधव्यामार्गे लग्नकार्याला आलेली मराठी मंडळी इथे एक चक्कर मारल्याशिवाय परत जात नाहीत. मात्र घरी जाऊन फोटो उघडला की द्रोणाच्या जागी नुसता पांढरा फराटा दिसतो. मग घरातला कोणीतरी म्हणतो, "आता एक चांगला कॅमेराच घेऊन टाकू."

खरी अडचण इथून सुरू होते. दुकानात एकीकडे मोठा मिररलेस ठेवलेला असतो, दुसरीकडे शर्टाच्या खिशात मावणारा कॉम्पॅक्ट. "भिया, दोनों बढ़िया हैं," असे म्हणून दुकानदार मोकळा होतो. नोकरदार घरात या खरेदीत वर्षाचा बोनस जातो आणि नव्याने लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या पोराच्या डोक्यावर हप्ता बसतो. त्यामुळे बिल फाडण्याआधी दोन्हींतला फरक नीट समजून घेतलेला बरा.

आरसा गेला म्हणजे काय झाले?

जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समागे आरसा असायचा. लेन्समधून येणारे दृश्य तो वर डोळ्यापर्यंत पोहोचवायचा आणि बटण दाबले की खटकन वर उचलला जायचा. मिररलेसमध्ये हा आरसा काढून टाकला आहे. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि फोटो कसा येणार ते छोट्या पडद्यावर आधीच दिसते. असा पहिला कॅमेरा, पॅनासॉनिकचा लुमिक्स जी १, २००८ मध्ये बाजारात आला. सोनीने २०१३ मध्ये फुल फ्रेम सेन्सरचा ए ७ आणला, तर निकॉन आणि कॅनन २०१८ मध्ये फुल फ्रेम मिररलेसमध्ये उतरले.

आरसा तर कॉम्पॅक्टमध्येही नसतो. मग फरक कुठे? मिररलेसची लेन्स काढून दुसरी लावता येते. कॉम्पॅक्टची लेन्स कायमची बसवलेली असते आणि कॅमेरा बंद केला की आत जाते. दुसरा फरक सेन्सरच्या आकाराचा.

सेन्सर म्हणजे पावसात ठेवलेली परात

पावसात वाटी ठेवली तर थोडे पाणी जमते, परात ठेवली तर जास्त. सेन्सर आणि प्रकाशाचे नाते असेच आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा. त्याखालचा एपीएस-सी साधारण ३६६ चौरस मिलिमीटरचा. चांगल्या कॉम्पॅक्टमधला 'एक इंची' सेन्सर १३.२ बाय ८.८, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटरचा. (नावात इंच असला तरी तो इंचभर नसतो.) स्वस्त कॉम्पॅक्टमधला सेन्सर तर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा असतो. त्याहून मोठे सेन्सर आज बऱ्याच मोबाईलमध्ये आहेत. म्हणून हातात बरा मोबाईल असेल तर स्वस्त कॉम्पॅक्टवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

एवढे वाचून मिररलेसच घ्यावा असे कोणालाही वाटेल. पण फसगत होते ती याच ठिकाणी.

किट लेन्सचा सापळा

सेन्सर परात असेल तर लेन्सचे तोंड म्हणजे वरचा नळ. नळ किती उघडतो हे एफ आकड्यावरून कळते. आकडा लहान, तितका नळ मोठा. क्षेत्रफळाला एफ आकड्याच्या वर्गाने भागले की त्या जोडीला किती प्रकाश मिळतो याची ढोबळ तुलना करता येते.

एपीएस-सी मिररलेससोबत बहुतेक वेळा एफ ३.५ ते ५.६ अशी किट लेन्स मिळते. ३६६ भागिले १२.२५, उत्तर साधारण ३०. एक इंची सेन्सर आणि एफ १.८ लेन्सचा कॉम्पॅक्ट घेतला तर ११६ भागिले ३.२४, उत्तर साधारण ३६. म्हणजे सेन्सर तिप्पट मोठा असूनही किट लेन्सवर अडकलेला मिररलेस रात्रीच्या उजेडात चांगल्या कॉम्पॅक्टच्या पुढे जात नाही, उलट किंचित मागेच राहतो.

आता त्याच मिररलेसला एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स लावा. उत्तर ११३ वर जाते, म्हणजे कॉम्पॅक्टच्या तिप्पट. फुल फ्रेमवर तशीच लेन्स लावली तर २६७, म्हणजे सातपटीहून जास्त. हवेतला द्रोण गोठवायला शटरचा वेग सेकंदाचा २५० वा भाग किंवा त्याहून जास्त लागतो आणि एवढ्या क्षणात पुरेसा प्रकाश आत घ्यायचा तर ही पटच कामाला येते. पुढे लेन्स घेणारच नसाल, तर मिररलेसच्या नावाखाली जास्त पैसे मोजून ओझे तेवढे घरी येते.

इंदूरच्या तीन परीक्षा

पहिली परीक्षा रंगपंचमीच्या गेरची. राजवाड्याच्या परिसरात टँकरमधून रंगाचे फवारे उडतात, गुलालाने आभाळ भरून जाते. उजेड भरपूर असल्याने सेन्सरचा फरक इथे फारसा दिसत नाही. धोका रंगाचा असतो. कॉम्पॅक्टची लेन्स आतबाहेर होते आणि बारीक गुलाल तिच्या नळीत शिरला की ती अडकते. घरी उघडून साफ करण्यासारखी ती वस्तू नाही. वरच्या दर्जाच्या मिररलेसला धूळ-पाण्यापासून थोडेफार संरक्षण असते, पण गर्दीत लेन्स बदलली की रंग थेट सेन्सरवर बसतो. कॅमेरा कोणताही असो, प्लास्टिकचे आवरण हवेच, आणि मिररलेसवर घरूनच एक लेन्स लावून निघावे.

दुसरी परीक्षा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची. गिरण्या बंद पडल्या तरी गिरणी कामगारांनी सुरू ठेवलेली ही मिरवणूक रात्रभर चालते. चारी बाजूंना एलईडीचा लखलखाट. हे दिवे डोळ्यांना स्थिर वाटले तरी प्रत्यक्षात भरभर लुकलुकत असतात. मिररलेसवर आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर चालू राहिले तर फोटोत आडवे पट्टे येतात. अशा वेळी यांत्रिक शटर वापरावे आणि फ्लिकर कमी करण्याची सोय असेल तर ती चालू करावी. कॉम्पॅक्टमध्ये बहुधा लेन्समध्येच बसवलेले पाकळ्यांचे शटर असते. ते पूर्ण चित्र एकदम टिपते, म्हणून हा त्रास त्यात कमी होतो.

तिसरी परीक्षा लग्नाची. इथे कॉम्पॅक्ट मागे पडतो. एका बॅटरीवर कॉम्पॅक्ट साधारण अडीचशे फोटो काढतो आणि लग्नात तेवढे हळदीलाच संपतात. पुढच्या मिररलेसमध्ये दोन कार्डांची जागा असते. एक कार्ड बिघडले तरी दुसऱ्यावर फोटो राहतात. नवरा-नवरीच्या डोळ्यांवर फोकस धरून ठेवण्यातही मिररलेस तरबेज आहे. अंतरपाट एकदाच दूर होतो, फोटोग्राफरसाठी तो पुन्हा धरत नाहीत. ज्याने लोकांकडून पैसे घेतले आहेत, त्याने इथे काटकसर करू नये.

ओझ्याचा हिशेब

सोनीचा ए ७ ४ बॅटरीसह ६५८ ग्रॅमचा आणि त्याची २४-७० एफ २.८ ही नवी झूम लेन्स ६९५ ग्रॅमची. मिळून सव्वा किलोच्या वर. कॅननचा जी ७ एक्स मार्क ३ आणि सोनीचा आरएक्स १०० ७ हे कॉम्पॅक्ट तीनशे ग्रॅमच्या आसपास. एका दिवसापुरता हा फरक किरकोळ वाटतो. पण देवदर्शन, खरेदी आणि कडेवरचे मूल सांभाळून चार दिवस फिरणाऱ्याला मोठा कॅमेरा तिसऱ्या दिवशी लॉजच्या कपाटात ठेवावासा वाटतो. कपाटातला कॅमेरा फोटो काढत नाही.

इंदूरने याहून मोठी ओझी पाहिली आहेत. भारतातले नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ मध्ये इथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारताचे एजंट सर हेन्री डॅली यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. त्या काळी लाकडी पेटीचा कॅमेरा, तिवई आणि काचेच्या प्लेटा घेऊन फिरावे लागे. त्यांना खिशातल्या कॅमेऱ्याचा पर्याय नव्हता, आजच्या गिऱ्हाइकाला तो आहे.

पैसा कुठे मुरतो?

कॉम्पॅक्टचा खर्च एकदाच होतो. कॅमेरा, जादा बॅटरी, कार्ड, संपले. मिररलेसची बॉडी म्हणजे पहिला हप्ता. मग लेन्सा, वेगवान कार्डे, फ्लॅश, बॅग आणि मोठ्या फाइली ठेवायला हार्ड डिस्क. तिजोरीत शंभर रुपये असतील तर बॉडीवर साठ आणि लेन्सवर चाळीस, हा साधा नियम. बॉडी तीन-चार वर्षांत जुनी होते आणि भाव पडतो. चांगली लेन्स दहा वर्षे चालते आणि विकतानाही बरे पैसे देते.

डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला. धंद्यासाठी घेणाऱ्या आणि जीएसटी नोंदणी असलेल्या फोटोग्राफरने आपल्या क्रमांकाचे पक्के बिल घ्यावे, नियमात बसेल तसे इनपुट क्रेडिट मिळते. बिनबिलाचा माल स्वस्त पडतो, पण भारतातली वॉरंटी मिळत नाही.

मोबाईलने कॉम्पॅक्टचा बाजार जवळजवळ संपवला होता. जपानी कंपन्यांनी २०१० मध्ये जगभर दहा कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट पाठवले, २०२३ मध्ये हा आकडा सतरा लाखांच्या आसपास आला. आता तरुणांमध्ये त्यांची पुन्हा हौस आहे आणि माल कमी, म्हणून जुन्यालाही चढा भाव मागतात. वापरलेला घेताना लेन्स चार-पाच वेळा आतबाहेर करून बघावी. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग तपासावेत. मिररलेस असेल तर शटर किती वेळा चालले आहे तेही विचारावे.

शेवटी कोणी काय घ्यावे?

फोटोतून पैसे कमवायचे असतील, रात्रीचे कार्यक्रम किंवा खेळ टिपायचे असतील आणि वर्षभरात निदान एक चांगली लेन्स घेण्याची तयारी असेल, तर मिररलेस. घरचे कार्य, सहल, मुलांचे वाढदिवस हवे असतील आणि लेन्सच्या भानगडीत पडायचे नसेल, तर एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट. दोन्हींपैकी काहीच पक्के नसेल तर मोबाईलवर आणखी सहा महिने काढावेत.

तरीही मन ठरत नसेल तर एक रात्र कॅमेरा भाड्याने घ्यावा, नाहीतर ओळखीच्याकडून मागून आणावा आणि सराफ्यात उभे राहावे. द्रोण हवेत गेला की बटण दाबावे. घरी येऊन फोटो मोठा करून बघावा आणि खांदा किती दुखला तेही आठवावे. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा त्या एका रात्रीत जास्त कळते.