वर्गातला भूकंपमापक: काय शोधायचं आणि काय घ्यायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप.

शाळेसाठी भूकंपमापक शोधलात की आधी दिसतो तो पुठ्ठ्याचा खोका, त्यात टांगलेला कप आणि स्केचपेन. टेबल हलवून तत्त्व दाखवायला तो मस्त आहे. पण खरा लहान धक्का त्यात उमटत नाही. पेन आणि कागदाचं घर्षणच ती बारीक हालचाल गिळून टाकतं.

म्हणून 'टीसी-१ स्लिंकी सायस्मोमीटर' असं शोधा. धातूची स्लिंकी टांगायची, खाली चुंबक, चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. ही तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. जमीन हलली की वेटोळं हलतं, चुंबक जडत्वामुळे मागे राहतो आणि तारेत किंचित वीज तयार होते. चुंबक नंतर झुलत राहू नये म्हणून खाली दुसरा चुंबक तांब्याच्या पाइपात सोडतात; तो झोके आवरतो.

आता माझा प्रांत. आर्डुइनो उनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, म्हणजे एक पायरी जवळपास ५ मिलिव्होल्टची. आपला सिग्नल त्याच्या कितीतरी खाली असतो. त्यामुळे मध्ये अॅम्प्लिफायर हवाच. नोंदी बघायला 'जामासाइस' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. आणि कॉम्प्युटरचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून ठेवा. वेळ चुकली तर नोंद कशाशीच ताडता येत नाही.

पण आधी ठरवा, धक्के जवळचे पकडायचे की लांबचे? वजनाने स्प्रिंग २५ सेंटीमीटर ताणली गेली तर तिचा एक झोका १ सेकंदाचा. २ सेकंद हवे असतील तर ताण १ मीटर! लांबच्या मोठ्या भूकंपांच्या पृष्ठलाटा २० सेकंदांच्या आसपास असतात, त्यासाठी फाटकासारखा आडवा झुलणारा 'लेहमन सायस्मोग्राफ' शोधा. पाटण, कराड भागातल्या शाळांना मात्र स्लिंकी पुरे. कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या मोठ्या भूकंपानंतरही लहान धक्के येतच राहिलेत, आणि ते जवळचे, जलद कंपनांचे असतात.

नोंद मिळाली की पहिली पी लाट आणि नंतरची एस लाट यांच्यातले सेकंद मोजा, त्याला ८ ने गुणा. ६ सेकंद म्हणजे भूकंप सुमारे ५० किलोमीटरवर. मग राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीशी ताडून बघा.

हे यंत्र भाकीत करत नाही, तेही मुलांना स्पष्ट सांगा. धक्का बसला की व्हॉट्सअॅपवर 'रात्री अजून मोठा येणार' असले मेसेज फिरतात. ज्या पोरांनी स्वतः सेकंद मोजून अंतर काढलंय, ती घरी सांगतील, आई, असं कुणालाच आधी सांगता येत नाही. माझ्या मते एवढ्यासाठी तरी हा खटाटोप करावा.

तुमच्या शाळेत बनवलात तर पहिली नोंद नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!